खंडेनवमीला मिटलेलं झाकण

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या टेबलावर येणारे लॅपटॉप मी उघडण्याआधी वासावरून ओळखते. उदबत्ती, हळद, क्वचित तूप. उत्तर भारतीय घरातून आला असेल तर बिजागरीला कलावा, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधलेला असतो आणि झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. मराठी घरातला असेल तर कीबोर्डात अक्षता. एकदा मी पंख्यातून तांदळाचे दाणे चिमट्यानं काढत बसले होते तेव्हा आमचे गुलशन भैया म्हणाले होते, "तुम लोग लॅपटॉप चलाते हो या उसकी शादी कराते हो?"

गुलशन भैया दुकानाचे मालक. दुकान नोएडात, एका ऑफिस बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये. वॉरंटी संपलेले, कंपनीनं हात वर केलेले लॅपटॉप आमच्याकडे येतात. आई नातेवाईकांना सांगते की गार्गी आयटीत आहे. मी ते दुरुस्त करत नाही. बाकी सगळं करते. द्वारकेहून रोज मेट्रोनं जाते, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते, आणि दिवसभरात फार बोलावं लागत नाही, हे मला या कामातलं सगळ्यात आवडतं. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'तुझ्या कामाबद्दल सांग' असं म्हणाले असते तर मी नाही म्हटलं असतं. 'लिही' म्हणाले म्हणून सापडले. माझी शाळा सगळी इंग्रजीतली, तेव्हा जिथे शब्द अडला तिथे आईला विचारलं आहे.

गेलं वर्षभर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता. अपग्रेड करू का?

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा कारभारी. तुम्ही कळ दाबता, तो ती स्क्रीनपर्यंत, स्पीकरपर्यंत, प्रिंटरपर्यंत पोचवतो. जुना कारभारी चांगला काम करत असतो, पण एक दिवस कंपनी सांगते की आता आम्ही याच्याकडे बघणार नाही. म्हणजे तो लगेच बंद पडत नाही. दाराला कुलूप तेच असतं, पण उद्या कुणी त्या कुलपाची किल्ली बनवली तर कुलूप बदलून द्यायला कुणी येणार नाही. नवा कारभारी फुकट मिळतो, फक्त तो जुन्या घरात राहायला तयार नसतो. त्याला नवा प्रोसेसर लागतो, जास्त मेमरी लागते. मग लोक जुना लॅपटॉप छातीशी धरून आमच्या जिन्यातून खाली येतात.

स्क्रीनच्या कोपऱ्यात अपग्रेडची सूचना येत राहते म्हणून एका वकील साहेबांनी तिथे बायकोची टिकली चिकटवली होती. मरून रंगाची, मोठी. मी ती काढायला गेले तर म्हणाले, रहने दीजिए, ऐसे ही ठीक है. मयूर विहारच्या एका निवृत्त मास्तरांनी मुलाच्या सांगण्यावरून अपग्रेड करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन आमच्या स्टुलावर बसले. त्यांचा पत्त्यांचा खेळ सापडत नव्हता. नवा खेळ होता, पण तो मध्ये मध्ये जाहिराती दाखवत होता. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बेटा, पत्ते वापस रख दो." एवढा मोठा माणूस, आणि त्याचा आवाज शाळेतून हाकललेल्या मुलासारखा लागला होता.

तेव्हापासून मी लॅपटॉप किती जुना आहे हे नंतर विचारते. आधी विचारते, यावर तुम्ही असं काय करता जे दुसरीकडे होत नाही? बहुतेक लोक म्हणतात, काहीच नाही, मेल बघतो. त्यांनी अपग्रेड करावं किंवा नवा घ्यावा. पण काही जण जे सांगतात ते ऐकून मला अजूनही धक्का बसतो.

पाटणकर काकांनी उत्तर दिलं ते एक कळ दाबून.

काका आमच्या पुढच्याच सेक्टरात राहतात. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले आणि पाठोपाठ घशाचा कॅन्सर निघाला. जीव वाचला, स्वरपेटी काढावी लागली. आता ते गळ्यावरच्या एका छोट्या छिद्रातून श्वास घेतात आणि त्यावर काकूंनी शिवलेला पांढरा रुमाल असतो. ऑपरेशनच्या आधी त्यांनी स्वतःच्या आवाजात बरीच वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातल्या एका मित्रानं त्यांना एक साधा प्रोग्राम लिहून दिला. एक कळ दाबली की एक वाक्य. 'कोण आलंय?' 'पेपर कुठाय?' 'चहा ठेव.' 'भाजी खारट आहे.' मंडळाच्या गणपतीला ते लॅपटॉप पट्ट्यानं गळ्यात अडकवून आले होते, बाजाच्या पेटीसारखा. मी प्रसादाच्या रांगेत उभी होते आणि मागून एक जाड, जरा चिडका आवाज आला, "थांब, मी बोलतोय."

मी जागच्या जागी थांबले. खरं म्हणजे मी काही बोलतच नव्हते.

काकू हसत पुढे आल्या. म्हणाल्या, घाबरू नकोस गं, यांना पुढची कळ सापडेपर्यंत वेळ लागतो, तेवढ्यासाठी ते वाक्य आहे. दिवसातून शंभरदा ऐकते मी.

काकांना सल्ला हवा होता. स्क्रीनवर तीच सूचना आली होती. त्यांचा मुलगा निखिल कॅनडात असतो, तो सारखा मागे लागला होता की अपग्रेड करून टाका, त्याच लॅपटॉपवर पेन्शनचं खातं बघता, कुणीतरी आत शिरेल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी लॅपटॉप बघितला. खूप जुना. नव्या कारभाऱ्यानं त्याला सरळ नकार दिला असता. आडवाटेनं बसवता येतो, पण जुन्या यंत्रातला आवाजाचा भाग नव्याला ओळखता येईलच असं नसतं. म्हणजे प्रोग्राम उघडेल, कळ दाबली जाईल आणि ऐकू काहीच येणार नाही.

मी म्हटलं, काका, ही वाक्यं फोनवर घेऊ या का? काकांनी एक कळ दाबली. "नियमात बसत नाही."

काकूंनी सांगितलं की फोनवर करून झालं. काकांचा हात थरथरतो, फोनवर बोट भलतीकडे पडतं. कीबोर्डवर मात्र डोळे मिटूनही चुकत नाहीत, टायपिंगची परीक्षा देऊन नोकरीला लागलेले. आणि टाइप केलेलं वाचून दाखवणारं ॲप निखिलनं घालून दिलं होतं, त्यात बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज होता. काकांनी तो एकदाच ऐकला आणि काकूंना मेसेज लिहिला की ही बाई माझ्या घरात नको.

मी त्यांना सांगितलं की आत्ता अपग्रेड करू नका. दसरा झाला की रविवारी मी घरी येते, आधी सगळ्याची कॉपी काढते आणि मग ठरवू. काकांनी ऐकून घेतलं. मग परत कळ. "विचार करून कळवतो." अवरसचिवाचा आवाज तो. मला हसू आलं आणि ते हसू त्यांनी पाहिलं, याचाच त्यांना आनंद झाला.

दसऱ्याच्या सकाळी मी घरी होते. आई तोरण लावत होती. फोन वाजला, काकांचं नाव. मी उचलला आणि हॅलो म्हटलं.

कुणी बोललं नाही. नुसता श्वास येत होता, बारीक शिट्टीसारखा. मग फोनवर बोटानं ठकठक.

मला फोनवर बोलायला कधीच आवडत नाही, पलीकडचा माणूसच बोलत सुटेल यावर माझी भिस्त असते. त्या दिवशी पलीकडचा माणूस बोलू शकत नव्हता. मी म्हटलं, काका? ठक. लॅपटॉप? ठक. बंद पडला? ठकठकठकठक. तो आवाज थांबेचना. माणसानं घाबरून ओरडावं तसंच ते होतं, फक्त बोटानं. फोन ठेवल्यावर मेसेज आला, इंग्रजीत, सरकारी वळणाचा. लॅपटॉपचे निधन झाले आहे, कृपया यावे.

मी गेले तेव्हा लॅपटॉप देवघरापुढे पाटावर होता. झाकणावर हळदकुंकू, त्यावर झेंडूचं फूल. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. काका खिडकीशी, पाठ करून.

झालं होतं ते असं. निखिलला आमचा रविवार लांब वाटला. त्यानं तिकडूनच काकांच्या लॅपटॉपमध्ये शिरून आडवाटेनं अपग्रेड सुरू करून दिलं आणि आईला बजावलं की उद्या दुपारपर्यंत चालेल, लॅपटॉपला अजिबात हात लावायचा नाही. दुसरा दिवस खंडेनवमीचा. आपल्याकडे त्या दिवशी घरातली अवजारं, हत्यारं, पुस्तकं मांडून पूजा करतात, आणि पूजेत ठेवलेली वस्तू त्या दिवशी वापरत नाहीत. काकूंच्या घरी दरवर्षी सुरी, कात्री, शिलाई मशीन आणि काकांचा लॅपटॉप. काका त्या दिवशी मौन पाळतात. शस्त्र खाली ठेवलं, असं खुणेनं सांगतात. काकू म्हणतात, माझा वर्षातला सणाचा दिवस तोच.

"निखिल म्हणाला हात लावायचा नाही," काकू मला म्हणाल्या. "मी म्हटलं, अरे वा, याला खंडेनवमी लक्षात आहे. मी कुठे हात लावला? नुसता पुसला, वायर काढली, झाकण मिटलं आणि पाटावर ठेवला."

लॅपटॉप त्या वेळी अर्ध्या वाटेवर होता. जुना कारभारी सामान बांधून निघालेला, नवा अजून आत आलेला नाही. वायर काढल्यावर सगळं जुन्या बॅटरीवर आलं आणि ती काही वेळातच संपली. मग तो दिवसभर आणि रात्रभर फुलाखाली तसाच पडून राहिला. दसऱ्याला सकाळी काकांनी झाकण उघडलं, चहा मागायला.

मी वायर लावून चालू केला. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत एक ओळ, सुरू करण्यासाठी काही सापडत नाही अशा अर्थाची. काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी वाक्य वाचलं आणि त्यांची बोटं कीबोर्डकडे गेली. त्यांनी एक कळ दाबली. काही झालं नाही. परत दाबली. कुठलं वाक्य होतं ते मला माहीत नाही. बंद लॅपटॉपवर बोलायचा प्रयत्न करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

वाक्यांची दुसरी कॉपी होती का? नव्हती. प्रोग्राम लिहिणारा मित्र? तो आता नाही. निखिलकडे? निखिल व्हिडिओ कॉलवर होता, तिकडे रात्र, तो फक्त 'सॉरी बाबा' म्हणत राहिला आणि बाबा मान हलवत राहिले. आवाज परत रेकॉर्ड करायचा प्रश्नच नव्हता. त्या डब्यात जे होतं तेवढंच त्यांचं बोलणं जगात शिल्लक होतं.

मी म्हटलं, डिस्क वाचली असेल तर वाक्यं वाचली असतील, पण बघितल्याशिवाय वचन देणार नाही. काकांनी लॅपटॉप माझ्या हातात देण्याआधी झाकणावर तळवा ठेवला. पालथा, थोडा वेळ. हळद त्यांच्या हाताला लागली.

काकू मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. दार मागे बंद केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गार्गी, घाई करू नकोस हं."

मी म्हटलं, नाही काकू, लवकरात लवकर करते.

"अगं तेच सांगतेय. लवकर करू नकोस. आठ-दहा दिवस ठेव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, ही बाई घरातली शांतता लांबवतेय. सणाचा दिवस लांबवतेय. मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही, लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटली.

काकूंना ते दिसलं असावं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं. हॉस्पिटलमधून घरी येताना काकांना एक मशीन मिळालं होतं. टॉर्चएवढं, गळ्याला लावून ओठ हलवले की आवाज निघतो. पण तो आवाज भुंग्यासारखा, एकसुरी. काकांनी एकदा लावलं, स्वतःचा तो आवाज ऐकला, मशीन डब्यात घातलं आणि डबा कपाटात वर टाकला. त्यावर बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी पुष्कळ समजावलं की सरावानं होईल, मनातलं काहीही बोलता येईल. काका लॅपटॉपकडे बोट दाखवत.

"लॅपटॉपमध्ये आहे तेवढंच बोलतात," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तेवढंच. मला कंटाळा नाही गं आला. पण त्यांना नवीन काही सुचलं तर ते कुठे जातं?"

लिफ्ट आली आणि मी खाली गेले. दुसऱ्या दिवशी मेट्रोत लॅपटॉप मांडीवर धरून दुकानात पोचेपर्यंत मी एकच विचार करत होते, हे काम कुणाचं आहे? लॅपटॉप काकांचा, तळवा काकांचा. काकूंचं म्हणणं मला पटलं होतं, पण दुसऱ्याचा आवाज माझ्या खणात मुद्दाम ठेवून घ्यायचा मला हक्क नव्हता. मी ठरवलं की रेंगाळायचं नाही. जेवढा वेळ लागेल तेवढा.

डिस्क काढून एका केसमध्ये घातली आणि माझ्या कॉम्प्युटरला जोडली. वरचं सगळं उलथंपालथं झालेलं, पण काकांचं फोल्डर जागेवर होतं. मी आधी दोन ठिकाणी कॉपी घेतली, मग श्वास घेतला. त्यात दोन प्रकारच्या फाइल होत्या. छोट्या, एकेका वाक्याच्या. आणि काही लांबच लांब, ज्यातून ती वाक्यं कापून काढली होती.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या फाइल उघडायच्या नसतात. हा नियम मी कधी मोडलेला नाही. पण आवाजाची फाइल वाचली की नाही हे वाजवल्याशिवाय कळत नाही. मी हेडफोन लावले आणि लांबपैकी एक सुरू केली, नुसती सुरुवात ऐकावी म्हणून.

आवाज काकूंचा होता.

"आता 'थांब, मी बोलतोय' म्हणा."

"हे कशाला?" काका. साधा, मोकळा आवाज. चिडका अजिबात नाही.

"कशाला म्हणजे? तुम्ही कळ शोधेपर्यंत मी गप्प बसणारे का? मला ओळखत नाही?"

काका हसले. मोठ्यानं, घशातून, पोटातून. मी त्यांचं हसणं कधी ऐकलं नव्हतं, आता ते कुणालाच ऐकू येत नाही. मग ते म्हणाले, थांब, मी बोलतोय. काकू म्हणाल्या, असं नाही, चिडून म्हणा, मी स्वयंपाकघरात असेन, मिक्सर चालू असेल. ते परत म्हणाले, जाड आवाजात. गणपतीत मी ऐकलेलं ते हेच.

"आता 'भाजी खारट आहे'."

"तुझी भाजी कधी खारट होते?"

"उद्यापासून होईल. माझं डोकं ठिकाणावर असणारे का?"

पंख्याचा आवाज. मग काकू, "बरं, अजून काय भांडायचं राहिलं?"

मी हेडफोन काढून ठेवले. इतके दिवस मला वाटत होतं की या माणसानं ऑपरेशनला जाताना आपले सगळे हुकूम आणि सगळा चिडचिडेपणा भरून ठेवलाय. ती एकेक तक्रार काकूंनी त्यांच्याकडून म्हणवून घेतली होती, स्वतःच्या विरुद्ध. त्यांना उद्यापासून आपल्याशी भांडता आलं पाहिजे म्हणून.

गुलशन भैयांनी माझं तोंड बघून विचारलं, क्या हुआ, डिस्क गई? मी म्हटलं, नहीं भैया, डिस्क ठीक है. त्यांनी न विचारता माझ्यासाठी चहा मागवला.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. डिस्क कोरी करून जुनी सिस्टिमच परत बसवायची, त्या मॉडेलच्या आवाजाचा जुना ड्रायव्हर, म्हणजे कारभाऱ्याला स्पीकर ओळखून देणारा छोटा प्रोग्राम, शोधायचा, मग तो प्रोग्राम, मग प्रत्येक कळ तपासायची. कळांच्या फटीतली हळद ब्रशनं काढली, एका कळेची गेली नाही. काम झालं तेव्हा मी काकांना मेसेज केला. लॅपटॉप तयार आहे, सगळी वाक्यं आहेत, संध्याकाळी घेऊन येऊ का?

मला वाटलं होतं ते नाचतील. उत्तर यायला वेळ लागला. आलं ते नेहमीसारखं, टिपणी लिहावी तसं. 'आपला मेसेज मिळाला. आनंद झाला. तथापि शनिवारी आणल्यास सोयीचे होईल. सौ. सकाळी फिरायला जाते त्या वेळेत मशीनवर सराव चालू आहे. सदर बाब गोपनीय समजावी.'

मी बेसमेंटमध्ये, सोल्डरिंगच्या धुरात, एकटीच हसत बसले. दोघंही माझ्याकडे एकच गोष्ट मागत होते आणि एकमेकांना कळू द्यायचं नव्हतं. गोपनीयता माझ्याकडून कधी फुटत नाही, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. लोक त्याला लाजाळूपणा म्हणतात.

शनिवारी काकूंनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरची बॅग बघून त्यांचा चेहरा उतरला. "इतक्यात झाला?" त्या पुटपुटल्या. मी मान हलवली.

टेबलावर लॅपटॉप ठेवला. काकांनी बसून, डावा हात मांडीवर ठेवून, एक कळ दाबली. "कोण आलंय?" आवाज खणखणीत आला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच चहाला गेल्या.

मी काकांना समजावलं की अपग्रेड करायचं नाही असं मी ठरवलं आहे, पण एका अटीवर. या लॅपटॉपचं इंटरनेट मी बंद केलं आहे. पेन्शन, बँक, मेल आता निखिलच्या जुन्या टॅब्लेटवर. बाहेरच्या जगाशी संबंध नाही म्हटल्यावर कुलूप जुनं असलं तरी चालतं, दारच भिंतीत बुजवलंय. आता याला एकच काम, बोलणं. आणि वाक्यांच्या कॉपी दोन पेनड्राइव्हवर, एक तुमच्याकडे, एक काकूंकडे. लांब रेकॉर्डिंगही त्यात आहेत एवढंच मी सांगितलं. जास्त काही सांगितलं नाही.

तेवढ्यात काकू चहा आणि चिवडा घेऊन आल्या आणि सुरू झाल्या. टॅब्लेटचा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, निखिलला आता तरी अक्कल आली असेल का, पुढच्या खंडेनवमीला लॅपटॉप पूजेत ठेवायचा की नाही, नाही ठेवला तर चालेल का, आणि गार्गी तू चिवडा घे, तू काही घेतच नाहीस. काका उठून आत गेले. काकूंचं लक्ष नव्हतं. काका परत आले तेव्हा त्यांच्या हातात टॉर्चसारखं काहीतरी होतं. त्यांनी रुमाल बाजूला केला आणि ते गळ्याला लावलं.

"थांब. मी बोलतोय."

भुंग्यासारखा आवाज, एकाच पट्टीतला. पण प्रत्येक अक्षर वेगळं.

काकूंच्या हातातली बशी कलली आणि चिवडा गालिच्यावर सांडला. त्या वळल्या नाहीत, हलल्या नाहीत. कुणीतरी अनोळखी घरात शिरून बोललं असावं तशा त्या उभ्या होत्या. मग त्यांनी सावकाश वळून काकांकडे, त्यांच्या गळ्याकडे, त्या मशीनकडे बघितलं.

"बोला," काकू म्हणाल्या. "थांबलेय ना मी. बोला."

काका मशीन गळ्याला लावून उभे राहिले. आता त्यांना काहीही म्हणता येणार होतं, कुठलंही, न रेकॉर्ड केलेलं, नवीन. त्यांनी ओठ उघडले, मिटले. काकूंकडे बघितलं. पुन्हा ओठ उघडले. कान लाल झाले.

मग त्यांनी मशीन खाली घेतलं, टेबलाशी वाकले आणि हळद लागलेली ती कळ दाबली.

"विचार करून कळवतो."